इराणमधलं 'व्हाइट मॅरेज', मुली बरोबर करतायत का?

रानवारा:
तेहरानसारख्या शहरांत बरीच जोडपी निकाह न करता एकत्र राहतात, तिकडे याला व्हाइट मॅरेज म्हणतात. लग्नाबाहेरच्या संबंधांना कायद्यात चाबकाचे फटके आहेत, 'झनान-ए-इमरूझ' या बायकांच्या मासिकाने या विषयावर लिहिलं तर २०१५ मध्ये त्यावर बंदी आणली, तरी लोक राहतातच. मला तर मुलींचं पटतं. लग्न केलं की पासपोर्टला नवऱ्याची परवानगी, तलाकचा हक्क मुळात त्याचा, हिने कोर्टात कारणं सिद्ध करत बसायचं. अशा करारावर सही का करावी?

मृण्मयी_के:
अजिबात पटलं नाही. मेहेरचं, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायच्या रकमेचं काय? लग्नात सोन्याची नाणी लिहून घेतात, कधीकधी शेकड्याने, आणि बायकोने मागितली की द्यावीच लागतात, नाहीतर तुरुंग. तलाक हवा असला की बाई म्हणते नाणी सोडते, मला मोकळं कर. व्हाइट मॅरेजमध्ये तो उद्या निघून गेला तर ती दाद कुठे मागणार? पोलिसांत गेली तर तीच अडकेल, आणि मूल झालं तर विचारूच नका.

रानवारा:
स्वतःच्या हक्काचे पैसे सोडून सुटका विकत घ्यायची, हे संरक्षण? शिवाय २०१३ च्या कायद्याने तुरुंगाची भीती ११० नाण्यांपुरतीच ठेवलीये, त्यावरच्या नाण्यांसाठी नवऱ्याची ऐपत आहे हे दाखवावं लागतं.

सह्याद्री७:
पैशाचं कोणीच बोलत नाहीये. रियाल, म्हणजे तिकडचं चलन, एवढा घसरलाय की एका नाण्यात साध्या कामगाराचा कित्येक महिन्यांचा पगार जातो, वर घरभाडं आणि अनामत. पोरं लग्न करणार कशी? सरकार लग्नाला कर्ज देतं आणि २०२१ च्या कायद्याने फुकट मिळणारी गर्भनिरोधकं बंद करतं, म्हणजे मुलं व्हावीत एवढीच काळजी.

ओवी:
ही सगळी शहरातल्या शिकलेल्या मुलींची चर्चा झाली हो. कायद्यात मुलीचं लग्नाचं वय १३ आहे, बाप आणि कोर्ट हो म्हणालं तर त्याआधीही. १९७५ मध्ये ते १८ केलं होतं, १९७९ च्या इस्लामी क्रांतीनंतर खाली आणलं. त्या पोरीला कुणी विचारतं का तुला लग्न हवंय की नको? मला याचाच जास्त राग येतो.

मृण्मयी_के:
ओवी, शंभर टक्के. पण शहरातल्या मुलींना एक रस्ता आहे ना, निकाहनाम्यात तलाकचा अधिकार, नोकरी, प्रवास अशा अटी लिहून घेता येतात.

रानवारा:
नवरा तयार असेल तर. तो नाही म्हणाला मग?

मृण्मयी_के:
मग त्याच्याशी लग्न करू नये आणि एकत्रही राहू नये. जो कागदावर हक्क द्यायला तयार नाही, तो कागदाशिवाय काय देणार तिला?