मुंबईचे नाले: पाणी तुंबलं नाही म्हणजे झालं का?

परळवाला: दरवर्षी मे महिना आला की नालेसफाईच्या बातम्या, किती टक्के गाळ काढला, कंत्राटदाराला किती दंड. माझा प्रश्न वेगळाय. पावसाळी नाला जर फक्त पावसाचं पाणी न्यायला आहे तर मे महिन्यात तो ठणठणीत कोरडा पाहिजे ना? आमच्याकडचा भर उन्हातही काळं पाणी घेऊन वाहतो. कागदावर मलवाहिन्या वेगळ्या आणि पावसाळी गटारं वेगळी, मलवाहिनीचं पाणी प्रक्रिया केंद्राकडे जातं पण पावसाळी गटारातलं सरळ खाडीत नाहीतर समुद्रात. ब्रिमस्टोवॅडवर, म्हणजे पावसाळी गटारं सुधारायच्या पालिकेच्या योजनेवर, इतके पैसे ओतले, पण हिशोब फक्त पाणी किती लवकर बाहेर फेकलं याचा, काय फेकलं ते कोणी विचारतच नाही. आधी वस्त्यांतून नाल्यात शिरणारं मैलापाणी तोडा, भिंती आणि पंप नंतर.

साष्टीकर: आधी हे मग ते, असं नाही चालत हो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला. जुनी गटारं ताशी २५ मिमीच्या हिशोबाने बांधलेली, तीही ओहोटी असेल तरच चालणारी. म्हणून तर ५० मिमीची क्षमता करायला घेतली. मोठी भरती आली की गटारांची समुद्राकडची तोंडं पाण्याखाली जातात आणि पाणी उलटं आत यायला लागतं, तिथे दरवाजे बंद करून पंपानेच उपसावं लागतं. हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह ही स्टेशनं त्यासाठीच आहेत. हिंदमाता या सखल भागात तुंबणारं पाणी आता भूमिगत टाक्यांत साठवून नंतर सोडतात. त्या २६ जुलैला माणसं मेली, घाण पाण्याने कोणी लगेच मरत नाही.

रेवती_कुर्ला: शेवटचं वाक्य अजिबात नाही पटलं. २००५ च्या पुरानंतर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) साथ आली होती, विसरलात? उंदराचं मूत मिसळलेल्या पाण्यातून पायाला जखम असलेला माणूस चालला की झालं. तुंबलेलं पाणी आणि घाण पाणी हे दोन प्रश्न तुम्हाला वाटतायत, आम्हाला ते एकाच वेळी घरात शिरतं.

साइटवरचा: बांधकामात आहे म्हणून सांगतो, सगळं खापर वस्त्यांवर फोडू नका. काँक्रीट ओतून झालं की मिक्सर ट्रकवाला रस्त्याच्या कडेला थांबून ड्रम धुतो आणि ती राखाडी स्लरी गटाराच्या जाळीतून आत. सिमेंट पाइपात बसलं की फोडूनच काढावं लागतं, मग पावसात तिथे पाणी साचतं आणि लोक पालिकेला शिव्या घालतात. गॅरेजवाले जुनं ऑइल तिथेच ओततात. आणि पहिला जोराचा पाऊस तर रस्त्यावरचं तेल, टायरची भुकटी, धूळ सगळं एकदम धुऊन नेतो, त्या पाण्याला मैलापाणी तोडून काही फरक पडणार नाही. जाळीच्या आधी गाळ बसायला साधा खड्डा आणि साइटवर धुण्याची जागा, एवढं सक्तीचं केलं तरी खूप आहे.

साष्टीकर: रेवतीताई, मान्य, ते वाक्य चुकीचं होतं. पण मैलापाणी तोडायचं म्हणजे नक्की कसं? दोन माणसं शेजारून जाऊ शकत नाहीत अशा गल्लीत मलवाहिनी टाकणार कुठून? घरं हलवायची का?

परळवाला: घरं कशाला हलवायची? नाल्याच्या तोंडाशी अडवायचं. पाऊस नसताना नाल्यात जे वाहतं ते तिथेच वळवून मलवाहिनीत घालायचं, पाऊस वाढला की जास्तीचं पाणी वरून निघून जाईल. वरळी, धारावी, घाटकोपर वगैरे सात ठिकाणी नवी प्रक्रिया केंद्रं उभी राहतायत, तिथे हे पाणी न्या, नाहीतर नाल्याने ते परस्पर समुद्रात जाणारच. साइटवाल्याचा मुद्दा बरोबर आहे, पहिल्या पावसाचं पाणी यात सुटतं, त्याला जाळीपाशीच काहीतरी करावं लागेल.

रेवती_कुर्ला: तोंडाशी अडवलं की समुद्र स्वच्छ होईल, पण आमच्या दारातून तेच पाणी जाणार ना? मिठी नदीचं नाव सगळे घेतात, मिठीकाठी राहणाऱ्यांना संडासाची लाइन कधी देणार ते सांगा. गल्ली अरुंद असली तरी लहान व्यासाचे पाइप टाकता येतात, आणि सुरुवात तिथूनच व्हायला पाहिजे, तोंडाकडून नाही.