प्रेसनोटेपेक्षा वार्ताहराला आत बोलवा

जाहिरात दिल्याशिवाय वाचनालयाची बातमी कुणी छापत नाही, असं तुम्ही म्हणता. आमचा अनुभव वेगळा आहे. मी तालुक्याच्या एका वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे. आधी आम्हीही नुसत्या प्रेसनोटा पाठवायचो: अमुक यांच्या हस्ते, तमुक यांच्या अध्यक्षतेखाली. छापून आल्याच तर कोपऱ्यात चार ओळी.

मग एकदा वार्ताहरालाच संध्याकाळी बोलावलं. देवघेवीच्या टेबलाशी एक आजी नातवाचं बोट धरून उभ्या होत्या. पिशवीत वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली जाडजूड कादंबरी. त्यांचाच फोटो छापून आला, आणि त्या आठवड्यात लोक कात्रण घेऊन वर्गणी विचारायला आले!

निमित्तंही धरा. १२ ऑगस्टला भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांची जयंती, म्हणजे ग्रंथपाल दिन. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. मजकूर आठवडाभर आधी, फोटोओळीसह टाइप करून द्या. शाल-श्रीफळाचे फोटो नकोत, वाचक दिसू देत.

आणि वाचनालयाची वेळ बातमीत आलीच पाहिजे. आम्ही एकदा ती लिहायला विसरलो. माणसं भरदुपारी येऊन बंद दारावरून परत गेली, त्याची रुखरुख अजून आहे.