जिनसेंगच्या मुळात नसलेले ‘कंपाउंड के’ रक्तात येते कोठून?

प्रश्न (ठाणे, बी. फार्म. विद्यार्थिनी):
नमस्कार. जिनसेंग या चिनी-कोरियन औषधी वनस्पतीच्या मुळात जिनसेनोसाइड आरबी१ हे साखर जोडलेले द्रव्य भरपूर असते, परंतु मूळ पोटात घेतल्यावर रक्तात ‘कंपाउंड के’ हा वेगळाच पदार्थ आढळतो, आणि तोही प्रत्येकात कमीअधिक प्रमाणात, असे वाचनात आले. हा बदल यकृतात होतो की आतड्यात? आपल्या ज्येष्ठमधाबाबतही असेच घडते का?

उत्तर १ (नेरूळ, औषधनिर्माणशास्त्राचे अध्यापक):
हे काम मुख्यत्वे मोठ्या आतड्यातील जीवाणूंचे आहे. आरबी१च्या रेणूला ग्लुकोजचे चार घटक जोडलेले असल्यामुळे तो आतड्याच्या भिंतीतून फारसा शोषला जात नाही. जीवाणूंची बीटा-ग्लुकोसिडेज विकरे (एन्झाइम) ही साखर टप्प्याटप्प्याने तोडतात आणि आरडी व एफ२ या मधल्या जिनसेनोसाइडांच्या मार्गाने अखेर एकच ग्लुकोज उरलेले कंपाउंड के तयार होते, जे तुलनेने सहज शोषले जाते. जीवाणूंना हवी असते ती साखर. आपल्याला औषध मिळते, हा योगायोगच म्हणायचा. ही विकरे असलेले जीवाणू सर्वांच्या आतड्यात सारखे नसतात, म्हणून मुळाची मात्रा एकच असली तरी रक्तातील प्रमाण बदलते.

उत्तर २ (कळवा):
सोनामुखी आणि चिनी वैद्यकातील दाहुआंग, म्हणजे रेवंदचिनीची जवळची वनस्पती, यांतील सेनोसाइड या साखर जोडलेल्या द्रव्यांचे रेइन-अँथ्रोनही जीवाणूच करतात व त्यानेच रेच होतो. रात्री घेतलेल्या चूर्णाचा परिणाम सकाळी दिसतो तो यामुळेच. मात्र प्रत्येक वेळी साखरच तुटते असे नाही. हुआंगलियान ही चिनी औषधी वनस्पती आणि आपली दारुहळद यांतील बर्बेरिन या औषधी द्रव्याला साखर जोडलेलीच नसते. तेथे जीवाणूंचे नायट्रोरिडक्टेज हे विकर त्याचे डायहायड्रोबर्बेरिन करते, ते अधिक सहज शोषले जाते आणि आतड्याच्या ऊतींत त्याचे पुन्हा बर्बेरिन होते.

उत्तर ३ (नेरूळ, अध्यापक):
ज्येष्ठमधाचे राहून गेले. त्यातील ग्लिसरायझिनचे दोन ग्लुक्युरॉनिक आम्लाचे घटक जीवाणू काढून टाकतात आणि उरलेले ग्लिसरेटिनिक आम्ल रक्तात जाते. ते मूत्रपिंडातील कॉर्टिसॉल निष्क्रिय करणाऱ्या विकराला अडवते, त्यामुळे शरीरात सोडियम साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो. त्यामुळे घशासाठी रोज ज्येष्ठमध चघळणाऱ्या किंवा त्याचा काढा घेणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णाने, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्या सुरू असल्यास, ही गोष्ट डॉक्टरांना अवश्य सांगावी. ग्लिसरायझिन काढून टाकलेला अर्कही बाजारात मिळतो.