पावसाळ्यात कपाटामागे बुरशी: खिडक्या उघड्या ठेवायच्या की बंद?

ठाणेकर: वन बीएचके, तिसरा मजला. बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीला कपाट टेकवलंय. जुलैपासून त्यामागे काळी बुरशी धरते, कपड्यांना कुबट वास येतो. रात्री एसी २२ वर असतो, दिवसभर खिडक्या सताड उघड्या. बाथरूमला ६ इंची एक्झॉस्टही आहे. मग चुकतंय कुठे?

गिलावा: आधी ओल कुठली ते ठरवा. भिंतीवर फूटभर प्लास्टिक चारी कडांना टेप मारून दोन दिवस चिकटवा. थेंब भिंतीकडच्या बाजूला आले तर पाणी बाहेरून मुरतंय. मग कितीही हवा खेळवा, उपयोग शून्य. बाहेरच्या गिलाव्यातल्या भेगा आणि खिडकीच्या चौकटीभोवतीचं सिलंट बघा. पोपडे सुटून पांढरा खार फुटला असेल तर प्लास्टिकचीही गरज नाही, गळतीच समजा.

दमट_हवा: मला तरी एसीचाच संशय येतो. बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असली, की २५ अंशांपेक्षा गार असलेल्या कशावरही पाणी धरतं. रात्रभर २२ वर गार झालेली भिंत, त्यात सकाळी उठल्याउठल्या खिडकी उघडायची! एसी २६ वर ठेवा. बंद केल्यावर तास-दोन तास, भिंत हाताला गार लागायची थांबेपर्यंत, खिडकी उघडू नका. झड लागलेली असताना तर नाहीच. उघडीप मिळाली की समोरासमोरच्या खिडक्या उघडा. कपाट भिंतीपासून ८-१० सेंमी पुढे ओढा. ओले कपडे त्या खोलीत वाळत घालू नका.

ठाणेकर: आणि एक्झॉस्ट? चालू असूनही आरसा धुरकटतो.

गिलावा: पंख्याशेजारच्या झडपेच्या काचा उघड्या आहेत का? असतील तर पंखा तिथूनच हवा घेतो आणि बाहेर टाकतो, बाथरूमची वाफ जागेवरच. त्या बंद करा आणि हवा दाराखालून येऊ द्या. ७० सेंमी रुंद दाराखाली २ सेंमी फट, म्हणजे १४० चौ. सेंमी; ६ इंची तोंड साधारण १८० चौ. सेंमीचं असतं, तेव्हा तेवढ्यात भागतं. आंघोळीनंतर २० मिनिटं पंखा चालू ठेवा.

दमट_हवा: बुरशी कोरडी खरवडू नका, घरभर उडते. मास्क लावून साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा. ब्लीच वापरलंत तर त्यात टॉयलेट क्लीनर मिसळू नका, विषारी वायू सुटतो. रंग मात्र भिंत पूर्ण सुकल्यावरच, म्हणजे दिवाळीनंतर.