रविवार कारंजा ते गंगा : पायी जाताना काय दिसलं?

गाडी गॅरेजला होती, म्हणून गेल्या बुधवारी रविवार कारंजावरून गंगेपर्यंत पायी गेलो. (नदी गोदावरी, पण नाशिककर जातो 'गंगेवर'च.) चाळीस वर्षं इथं राहून आत्ता कळलं की सराफ बाजार म्हणजे नुसता उतार आहे. परत येताना पोटऱ्यांनी सांगितलं! तुम्हीही लिहा. अट एकच, पायी फिरलेलं हवं. 'आमच्या वेळचं नाशिक' कृपया नको.

तिवंधेकर: आमच्या चौकातून लोक वर्षभर चालतात, पण पायाखाली रहाड आहे हे बाहेरच्याला कळत नाही. पेशव्यांच्या काळातला दगडी हौद, वर्षभर बुजवलेला. रंगपंचमीच्या आधी उकरतात, पूजा करतात, रंग कालवतात आणि मग धप्पा. एकाने उडी मारली की काठावरचे दहा-वीस जण भिजलेच. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. पुण्याच्या मित्राला एकदा ऐन श्रावणात तिथं उभं केलं आणि म्हटलं, तू आत्ता हौदावर उभा आहेस. तो टुणकन बाजूला झाला.

उतारावरची: उताराचं म्हणालात म्हणून. मी दहीपुलाजवळ एका दुकानात काम करते. येणारे विचारतात, पूल कुठाय? सरस्वती नाला रस्त्याखालून वाहतो, दिसणार कसा! जोराचा पाऊस झाला की तोच दुकानात येऊन भेटतो. खालच्या फळीवर आम्ही काही ठेवत नाही.

मेनरोडवाला: मेन रोडला फूटपाथ सापडला तर कळवा.

पंचवटीची सून: सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्यामुळे आमचं फिरणं म्हणजे चार पावलं नि बैठक. कपालेश्वराच्या पायऱ्या त्यांनी खालूनच पाहिल्या आणि म्हणाल्या, "इथं नंदी नाही, मग मी तरी कशाला वर जाऊ?" दुतोंड्या मारुतीसमोर बसलो. पुरात पाणी त्याच्या कुठवर आलं, यावर शेजारच्या दोन आजोबांचं भांडण चाललं होतं, एक म्हणे कमरेला, दुसरे म्हणे छातीला. मला तिथं बसायला आवडतं त्याचं कारण वेगळंच आहे. बाजारात बाई नुसती उभी राहिली तरी "काय पाहिजे ताई?" येतं. घाटावर तासभर बसा, कुणी विचारत नाही.

वाटसरू: दर 2 मार्चला काळारामाला पायी जातो. 1930 साली याच तारखेला बाबासाहेबांचा सत्याग्रह सुरू झाला. दर्शनाची रांग लावत नाही. दारासमोर थोडा वेळ उभा राहतो, मग चहा.

धागाकर्ता: @पंचवटीची सून, ते आजोबा बहुतेक मलाही भेटले. बुधवारच्या बाजारात मेथी घेत होते, तिथंही छातीलाच पाणी म्हणत होते. गाडी मिळाली, पण येत्या बुधवारी ती घरीच ठेवतोय. मेथी मीही घेतली होती, चांगली निघाली.