अनुभव धागा: नाकाबंदी, झडती, अटक – पोलिसांकडून कोणता कागद घ्यायचा?

गाडी अडवली की आपण काय दाखवायचं, हे बहुतेकांना पाठ असतं. पोलिसांनी आपल्याला काय द्यायचं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पुण्यात कोर्टात, पोलीस ठाण्यात, आरटीओत ज्यांचं रोजचं काम आहे त्यांनी लिहावं. किस्से नकोत, कलम, कागद आणि वेळ सांगा.

नळस्टॉप
गणवेशातल्या पोलिसाने मागितलं तर लायसन दाखवावंच लागतं (मोटार वाहन कायदा, कलम १३०). मूळ प्रत लागत नाही. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपमधली प्रत केंद्रीय नियम १३९ प्रमाणे चालते. मोबाइलच्या गॅलरीतला आरसीचा फोटो मात्र चालत नाही, आणि बहुतेक वाद तिथेच सुरू होतात. लायसन काढून घेतलं तर कलम २०६ ची पावती मागा. तिच्यावरच्या तारखेपर्यंत गाडी चालवता येते. पावती नसेल तर पुढच्या चौकात तुम्ही बिनालायसनचे ठरता.

चावी काढून घ्यायचं कलम या कायद्यात नाही. तरीही चावीसाठी झटापट अजिबात करू नका. धक्काबुक्की झाली की भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ (सरकारी नोकरावर हल्ला) लागतं आणि ते अजामीनपात्र आहे. पाचशे रुपयांच्या चलनाची थेट कोठडी होते ती अशी.

रातपाळी
ड्रंक अँड ड्राइव्हबद्दल. मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. फुंकायला देताना नळी नवी, पाकिटातली आहे ना ते बघा आणि प्रिंट मागा. अटक केली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम २०२ प्रमाणे दोन तासांत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हायलाच हवी, नाहीतर सोडावं लागतं. सुटका झाली म्हणून खटला संपत नाही, हे लक्षात ठेवा. रक्त घेतलं तर बाटलीवर नाव, वेळ आणि सील तुमच्यासमोर होऊ द्या. मे २०२४ च्या कल्याणीनगर अपघातानंतर रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक झाली होती. लेबलाचं महत्त्व त्यानंतर वेगळं सांगायला नको.

पंचनामा
झडतीचे नियम १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) आहेत. वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर कारण आधी लेखी नोंदवायचं आणि ती नोंद ४८ तासांत दंडाधिकाऱ्याकडे पाठवायची (कलम १८५). दोन स्वतंत्र पंच, वस्तूंची यादी आणि यादीची प्रत (१०३). सगळ्याचं व्हिडिओ चित्रीकरण (१०५). घराइतकंच हे गाडीलाही लागू आहे.

बिघडतं कुठे? चित्रीकरण वस्तू बाहेर काढल्यावर सुरू होतं. पंच नेहमीचेच असतात; तीच दोन नावं अनेक पंचनाम्यांत सापडतात. पंचनाम्यात सुरुवातीची आणि शेवटची वेळ, जागेची खूण, मोबाइलचा आयएमईआय (ओळख क्रमांक) हे असायलाच हवं. कोऱ्या किंवा अर्धवट कागदावर सही करू नका.

अमली पदार्थांच्या कायद्यात नियम आणखी कडक आहेत. अंगझडती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर घेतली जावी, हा तुमचा हक्क आहे आणि तो तुम्हाला सांगणं बंधनकारक आहे (कलम ५०). बॅग आणि डिकीला मात्र हे कलम लागत नाही. खासगी गाडी रस्त्यावर उभी असली तरी 'सार्वजनिक जागा' नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं. म्हणजे याच कायद्याच्या कलम ४२ ची, मिळालेल्या खबरीची लेखी नोंद हवी. बाईची झडती बाईच घेणार, हे सगळीकडे.

एक गैरसमज मात्र मनापासून काढून टाका: झडतीत त्रुटी राहिली म्हणून सापडलेली वस्तू पुराव्यातून आपोआप बाद होत नाही. कलम ५० मोडलं तर गोष्ट वेगळी.

शिवाजीनगर कोर्ट
सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस, अटक कारणं नोंदवूनच. सर्वोच्च न्यायालयाचा अर्नेश कुमार निकाल, २०१४. अटक केलीच तर अटक पंचनाम्यावर नातेवाईक किंवा परिसरातल्या माणसाची सही लागते. अटकेची कारणं लेखी, समजेल त्या भाषेत आणि दंडाधिकाऱ्यासमोर नेण्याच्या किमान दोन तास आधी द्यायची, असं ६ नोव्हेंबर २०२५ ला वरळीच्या बीएमडब्ल्यू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं.

खरी लढाई वेळेची असते. माणूस संध्याकाळी उचललेला असतो आणि अटक रात्री उशिरा दाखवली जाते. दंडाधिकाऱ्यासमोर नेण्याची चोवीस तासांची मुदत मोजायची तर पुरावा हवा, म्हणून अडवल्याबरोबर घरी एक मेसेज टाका: जागा, वेळ, गाडीचा नंबर. कोठडीतल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

वाकड
नातेवाइकांसाठी: वाकड, हिंजवडी, सांगवी २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात आहेत. पुण्याच्या कंट्रोल रूमला फोन लावण्यात तास जातो. प्रत्येक ठाण्यात अटकेतल्यांची माहिती देणारा नेमलेला अधिकारी असतो (त्याच संहितेचं कलम ३७). त्याचं नाव विचारा.

नळस्टॉप
आणि साक्षीसाठी फोनवर 'ठाण्यात या' म्हणाले तर त्याच संहितेच्या कलम १७९ चा लेखी आदेश मागा. बायका, साठीच्या वरचे आणि पंधराच्या आतले पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी यांचा जबाब पोलिसांनी घरी येऊनच घ्यायचा असतो.