कबुतराची आयजीजी (रक्तातली अँटिबॉडी) पॉझिटिव्ह, एक्स-रे जवळपास साफ. एचपी (हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस) म्हणायचं का?

खेड्यातला_जीपी
बाई, वय ५२. चार महिने कोरडा खोकला, जिना चढताना धाप. न्हाणीघराच्या डक्टमध्ये कबुतरांची वस्ती. इन्हेलरने काही फरक नाही. एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन बाहेर सोडलेली एकूण हवा) अपेक्षेच्या ६८ टक्के, रेशो (त्यातली पहिल्या सेकंदात सुटलेली हवा) ८६ टक्के. कबुतराच्या अँटिजेनची (विष्ठा-पिसांतल्या प्रथिनांची) आयजीजी पॉझिटिव्ह. एवढ्यावर हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस (श्वासातून गेलेल्या कणांविरुद्ध शरीराच्या प्रतिक्रियेने फुफ्फुसाला येणारी सूज) धरून स्टिरॉइड द्यावं का?

धाप_आणि_डीएलसीओ
नको. आयजीजी ही संपर्काची पावती आहे, आजाराचा दाखला नाही. कबुतरं पाळणाऱ्या धडधाकट माणसांतही ती पॉझिटिव्ह सापडते. उलट निगेटिव्ह आली तरी एचपी सुटत नाही, कारण किटमध्ये असतात तेवढीच अँटिजेन तपासली जातात.

रेशो ८६ आणि एफव्हीसी कमी, म्हणजे दम्यापेक्षा फुफ्फुस आक्रसल्याकडे बोट जातं. डीएलसीओ (फुफ्फुसातून रक्तात वायू किती शिरतो याची चाचणी) करा, सहा मिनिटं चालवून ऑक्सिजन बघा. मग एचआरसीटी (फुफ्फुसाचा पातळ कापांचा सीटी), एक्स-रे साफ असला तरी. चिठ्ठीवर नुसतं 'सीटी चेस्ट' लिहिलंत तर काँट्रास्ट घालून भलतंच करून देतील. लिहा: काँट्रास्ट नको, दीड मिमी किंवा त्याहून पातळ काप, एकदा पूर्ण श्वास घेऊन, एकदा पूर्ण सोडून. बारीक नळ्यांत अडकलेली हवा श्वास सोडल्यावरच काळी उठून दिसते. बाईंनी श्वास खरंच सोडला होता का, हे मुख्य श्वासनलिकेच्या मागच्या भिंतीवरून ओळखा: ती सपाट किंवा आत वाकलेली हवी. बाहेर फुगीर असेल तर ते काप बाद. टेबलावर झोपवण्याआधी दोन-तीनदा सराव करून घेतला की हा घोळ टळतो.

चिपाडाची_धूळ
कबुतर सापडलं की बाकीचं विचारायचं राहून जातं. २०१७च्या भारतीय आयएलडी (फुफ्फुसाच्या पडद्यांना सूज किंवा व्रण येणारे आजार) रजिस्ट्रीत सर्वाधिक निदान एचपीचंच होतं, साधारण ४७ टक्के, आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांचा संपर्क एअर कूलरशी होता. कूलरचं गवत कधी बदललं, भिंतीला ओल, पिसांची उशी, घरातलं कोणी साखर कारखान्याच्या बगॅस (उसाचं चिपाड) यार्डात आहे का, हे एकेक करून विचारा. संपर्कानंतर ४ ते ८ तासांनी कणकण आणि खोकला येत असेल तर धागा पक्का. पण चिवट, जुन्या आजारात हे वेळापत्रक दिसतच नाही.

लॅव्हाज_३०
स्टिरॉइड आधी दिलंत तर लॅव्हाजमधले (दुर्बिणीतून फुफ्फुसात सलाइन सोडून परत ओढलेल्या द्रवातले) लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) उतरतात आणि पुरावा जातो. ब्राँकोस्कोपीत सीटीवर जिथे जास्त बदल आहेत तिथे, एकूण १०० ते ३०० मिली सलाइन तीन ते पाच हप्त्यांत. निदान ३० टक्के परत यायला हवं. लिम्फोसाइट ३० टक्क्यांच्या वर गेले तर बाजू भक्कम, मात्र सिगारेट ओढणाऱ्यांत ते कमी भरतात. त्याच द्रवातून टीबीची जीनएक्स्पर्ट (जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) आणि कल्चरही पाठवा.

आपल्याकडे सीटीवर बारीक गाठी दिसल्या की मिलिअरी (फुफ्फुसभर पसरलेला टीबी) म्हणून एकेटी (टीबीची औषधं) सुरू होतं. एचपीतल्या गाठी धूसर कडांच्या असतात आणि प्ल्युरापासून (फुफ्फुसाच्या आवरणापासून) थोड्या अलीकडेच थांबतात. मिलिअरीत त्या रेखीव, प्ल्युरा आणि फिशरवरही (फुफ्फुसाच्या खंडांमधल्या फटीवरही) बसलेल्या.

खेड्यातला_जीपी
संपर्क, सीटी आणि लॅव्हाज तिन्ही जुळले तर बायॉप्सी (फुफ्फुसाचा तुकडा काढून तपासणं) लागते का?

धाप_आणि_डीएलसीओ
बहुधा लागत नाही. फुफ्फुसात व्रण (फायब्रोसिस) पडलेले असतील किंवा तिघांत मेळ नसेल तर छातीचा डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून ठरवतात. डक्ट मात्र आजच साफ करायला सांगा, विष्ठा ओली करून, मास्क लावून. ते काम बाईंनी करायचं नाही, आणि तेव्हा त्या घरात नकोत.